हरितगृह, वारा आणि आडोसा : कोल्हापूर परिसरातील एका प्रश्नाचे विवेचन

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून भाषेच्या अभ्यासकाने शेतकीच्या शिवारात पाऊल का टाकावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, एखादे नवे साधन जेव्हा समाजात येते, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे नाव येते, त्याच्या अवयवांची नावे येतात, आणि ते वापरण्याच्या सूचनाही येतात. साधन परक्या हवेत वाढलेले असेल, तर त्या सूचनांतही ती परकी हवा शिरलेली असते. प्लॅस्टिकचे आच्छादन घातलेली हरितगृहे आणि जाळीची छायागृहे कोल्हापूर जिल्ह्यात आता नवलाची राहिलेली नाहीत. शिरोळ तालुक्यातील कोंडिग्रे येथील माळावर गुलाबाची हरितगृहे उभी राहिली. ढोबळी मिरची, जरबेरा, भाजीपाल्याची व उसाची रोपे यांसाठी लहानमोठी छपरे अनेक गावांतून दिसतात. या छपरांचा मोठा शत्रू वारा होय. हा वारा कोणता, तो छपराचे काय करतो, आणि त्याला आवरण्यासाठी कोणती भाषा उपयोगी पडते, या तीन गोष्टींचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. वारा कोणता?

हरितगृहांविषयीचे पुष्कळसे इंग्रजी वाङ्मय इंग्लंड व उत्तर युरोप येथील बागाईतदारांसाठी लिहिलेले आहे. तेथे अटलांटिक महासागरावरून येणारी वादळे मुख्यतः हिवाळ्यात येतात. साहजिकच "हिवाळ्यापूर्वी बोगद्याची डागडुजी करा" हा उपदेश त्या पुस्तकांतून वारंवार आढळतो. हाच उपदेश शब्दशः मराठीत आणला, तर तो कोल्हापुरात निरुपयोगी ठरतो. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषातील वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो. तो थंड व कोरडा असला, तरी त्याचा जोर बेताचाच असतो. त्या काळात रोपांना जपावे लागते ते गारठ्यापासून.

आपले धोक्याचे ऋतू दोन. पहिला वळवाचा. चैत्र-वैशाखात दिवसभर तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. अशा ढगातून पावसाबरोबर थंड व जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणून वळवाचा वारा कोणत्या बाजूने येईल याचा नेम नसतो. तो पाचदहा मिनिटांत येतो, पाऊण तासात निघून जातो, आणि पुष्कळदा गाराही बरोबर आणतो. दुसरा ऋतू मोसमी पावसाचा. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतो. हा वारा एकदम झडप घालीत नाही. पण दिवसच्या दिवस एकाच बाजूने छपराला हलवीत राहतो. वळवाचा वारा दरोडेखोरासारखा, तर मोसमी वारा उंदरासारखा, असे म्हटले तर दोहोंतील भेद ध्यानात येईल. एक फोडून नेतो, दुसरा कुरतडतो.

यांखेरीज क्वचित येणारे तिसरे संकट अरबी समुद्रातील चक्रीवादळाचे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. किनाऱ्याजवळ त्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर व झोताचा वेग १२० किलोमीटरपर्यंत होता. घाट चढून आल्यावरही त्याच्या वाऱ्याने पुणे जिल्ह्यातील मावळ भागात फुलांच्या हरितगृहांची मोठी हानी केली. घाटमाथ्याच्या अलीकडचा शेतकरी समुद्राच्या वादळापासून सुरक्षित आहे, ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली.

२. वारा छपराचे काय करतो?

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात यासाठी सोपे सूत्र दिले आहे : दर सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणावे, म्हणजे दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. त्यानुसार ताशी ४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे साडेसात किलोग्रॅम वजनाइतका भरतो. ८० किलोमीटरला तो सुमारे ३० किलोग्रॅम, आणि १२० किलोमीटरला सुमारे ६८ किलोग्रॅम होतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, आणि तिप्पट झाला की नऊपट. याच मानकाच्या नकाशात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, हा आधारभूत वेग धरला आहे. मुंबईसाठी तो ४४ मीटर आहे. रोजच्या वाऱ्यात छप्पर डोलत नाही, एवढ्यावरून ते वादळात टिकेल असे अनुमान काढणे या गणितामुळे धोक्याचे ठरते.

परंतु दाबाचा आकडा हा अर्धाच भाग झाला. वाऱ्याचे कार्य तीन प्रकारांनी घडते. समोरच्या भिंतीवर तो ढकलतो, हा पहिला प्रकार. तो सर्वांना दिसतो. कमानीवरून जाताना हवेचा वेग वाढतो आणि छपरावरचा दाब घटतो. त्यामुळे छप्पर वर ओढले जाते, हा दुसरा प्रकार. वाऱ्याच्या बाजूचा पडदा उघडा असेल किंवा फाटला असेल, तर आत शिरलेली हवा छपराला आतून वर रेटते, हा तिसरा. दुसरा व तिसरा प्रकार एकाच दिशेने काम करतात. वरची ओढ आणि आतला रेटा एकत्र झाले, की छप्पर वर उचलले जाते. म्हणूनच वादळानंतर हरितगृह "पडले" असे कोणी फारसे म्हणत नाही. "उडाले" असेच म्हणतात. लोकभाषेतील या क्रियापदात पदार्थविज्ञानाचे अचूक निरीक्षण आहे.

३. 'गृह' की मांडव?

येथे नावाचा प्रश्न उपस्थित होतो. 'हरितगृह' हा शब्द पारिभाषिक मराठीत स्थिर झालेला आहे आणि तो बदलावा असे सुचविण्याचा हेतू नाही. तथापि 'गृह' या शब्दाबरोबर मनात येणारी कल्पना स्वतःच्या वजनाने जमिनीवर बसलेल्या वास्तूची असते. घराचा पाया घराचे ओझे झेलण्यासाठी असतो. हरितगृहाची स्थिती नेमकी उलट आहे. नळ्यांचा सांगाडा व २०० मायक्रॉन जाडीचे प्लॅस्टिक यांना ओझे असे फारसे नसतेच. त्याचा पाया ते जमिनीला बांधून ठेवण्यासाठी लागतो. या दृष्टीने ते घरापेक्षा मांडवाचे, तंबूचे किंवा शिडाचे भावंड होय.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे एका हिशेबाने दाखविता येईल. आपल्याकडे रूढ असलेल्या नमुन्यात आठ मीटर रुंदीचे गाळे असतात व खांब चार चार मीटरवर येतात. म्हणजे आतील एका खांबाच्या वाट्याला ३२ चौरस मीटर छप्पर येते. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात वरची ओढ दाबाच्या निम्मी धरली, तरी चौरस मीटरला १५ किलोग्रॅम होते, आणि एका खांबावर सुमारे ४८० किलोग्रॅमची ओढ पडते. खांबाच्या बुडाशी एक फूट लांब-रुंद व दोन फूट खोल काँक्रीट ओतले, तर त्याचे वजन १३० किलोग्रॅमच्या आसपास भरते. उरलेला भार भोवतालच्या मातीच्या पकडीवर येतो. म्हणून खड्डा तळाशी थोडा रुंद घ्यावा, नळीच्या बुडाला आडवी सळई घालावी म्हणजे नळी काँक्रीटमधून सुटून येत नाही, आणि कडेच्या व कोपऱ्याच्या खांबांना तिरपे आधार द्यावेत. कारण ओढीचा जोर कडांवर व कोपऱ्यांवर सर्वांत अधिक असतो.

मातीच्या पकडीविषयी आपल्या जिल्ह्यात एक विशेष सांगावयास हवा. पंचगंगा व कृष्णा यांच्या काठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. चैत्र-वैशाखात, म्हणजे वळीव ज्या महिन्यांत येतो त्याच महिन्यांत, खांबाभोवतीची माती सुटलेली असते. अशा जमिनीत पाया भेगांच्या थराखाली न्यावा, आणि फाल्गुनातच खांबाभोवती मुरूम भरून, पाणी देऊन, धुम्मस करून घ्यावी. माळरानाच्या मुरमाड जमिनीत पकड चांगली मिळते. परंतु तेथे वाऱ्याला आडकाठी नसते. जमीन व वारा या दोहोंचा लाभ एके ठिकाणी क्वचितच मिळतो.

४. तोंड आणि पाठ

हरितगृहाच्या माथ्यावर गरम हवा बाहेर जाण्यासाठी लांबट झरोका ठेवतात. इंग्रजी पुस्तकांतील सूचनेचे भाषांतर "झरोका वातविमुख दिशेस असावा" असे करता येते. भाषांतर निर्दोष आहे. परंतु खड्डे काढणाऱ्या गवंड्याला त्याचा बोध होत नाही. खळ्यावर धान्य उपणणारा माणूस मात्र वाऱ्याचे तोंड व वाऱ्याची पाठ जाणतो. तेव्हा "झरोक्याने वाऱ्याला पाठ द्यावी, म्हणजे आपल्याकडे तो पूर्वेस उघडावा" असे म्हटले की काम भागते. झरोका पश्चिमेस उघडा राहिला, तर आषाढातील वारा थेट पोटात शिरतो आणि वर सांगितलेला तिसरा प्रकार रोजच घडू लागतो.

आच्छादनाला शेतकरी 'कागद' म्हणतात. हा अर्थविस्तार मोठा बोलका आहे. कारण हे आच्छादन कागदासारखेच एकदा चीर पडली की पुढे फाटत जाते. ते ताणून बसविले पाहिजे. सैल कागद वाऱ्यात फडफडतो, नळीवर घासतो आणि तेथूनच विरतो. उन्हात तापलेल्या नळीला जेथे तो टेकतो तेथे तो लवकर कमकुवत होतो. म्हणून नळीवर पांढरा रंग किंवा पट्टी लावतात. कागद पट्टीच्या खाचेत नागमोडी स्प्रिंगने अडकविलेला असतो. ती स्प्रिंग एका जागी निसटली, तरी वाऱ्याला बोट घालण्यापुरती फट मिळते. साधारणतः तीन-चार वर्षांनी कागद बदलावा लागतो. चौथ्या उन्हाळ्यातील वळवाला जुन्या कागदानिशी सामोरे जाणे म्हणजे बचत नव्हे.

छायागृहाच्या जाळीतून वारा काही अंशी आरपार जातो, त्यामुळे तिच्यावरची ओढ कमी असते. पण गारांचा थर जाळीत साठून झोळ पडतो व सांगाडा खाली ओढला जातो. जाळी तारांवर बांधताना तिला थोडा उतार द्यावा, म्हणजे हा भार एका जागी साचत नाही.

५. आडोसा : अडविणे आणि चाळणे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वारा छपरापर्यंत पोचण्यापूर्वीच त्याचा वेग कमी करणे, हा उपाय इतर सर्व उपायांहून स्वस्त आहे. कारण वेग निम्मा झाला की दाब चौथा हिस्सा उरतो. यासाठी 'वातरोधक' किंवा 'वाराप्रतिबंधक' अशी नावे रूढ आहेत. ती व्याकरणाने शुद्ध आहेत, पण अर्थाने दिशाभूल करणारी आहेत. रोधणे म्हणजे थांबविणे. आणि थांबवावयाचे म्हटले की माणूस भिंत बांधतो किंवा पत्रे उभे करतो. सबंध भिंतीवर आदळलेला वारा वरून उसळतो व पलीकडे भोवऱ्याच्या रूपाने खाली येतो. भिंतीच्या पाठीशी लगतच उभे असलेले छप्पर त्या भोवऱ्यात सापडते.

याउलट ज्या अडथळ्यात चाळीस ते पन्नास टक्के मोकळी जागा असते, त्यातून थोडा वारा गाळून पलीकडे जातो. तो गाळलेला संथ वारा वरून येणाऱ्या वेगवान वाऱ्याला एकदम खाली येऊ देत नाही. अशा अडथळ्याच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत वेग लक्षणीय कमी राहतो. सहा मीटर उंचीच्या झाडांची रांग साठ मीटरपर्यंतच्या पट्ट्याला उपयोगी पडते. तात्पर्य, वारा अडवू नये, तो चाळावा. 'आडोसा' हा आपला जुना शब्द या कार्याला अधिक जवळचा आहे. आडोशाला उभा असलेला माणूस वाऱ्यापासून सर्वस्वी तुटलेला नसतो. त्याला फक्त वाऱ्याचा मारा लागत नाही. जाता जाता हेही नमूद करण्यासारखे आहे की, 'निवारा' या शब्दात 'वारा' ऐकू येत असला, तरी त्याचे मूळ निवारणाशी, म्हणजे दूर ठेवण्याशी आहे. वाऱ्याचा खरा वंशज 'निवांत' हा शब्द. त्याचा संबंध संस्कृत 'निवात', म्हणजे वारा नसलेला, या शब्दाशी जोडला जातो.

ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. शेजारच्या मिरज तालुक्यात नरवाड, बेडग या गावांचे पानमळे प्रसिद्ध आहेत. पानवेल ही सावली, ओल व संथ हवा मागणारी. तिला शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा यांच्यावर चढवितात. मळ्याच्या कडेने शेवरीची दाट लागण करून उष्ण वाऱ्याचा मारा बाहेरच्या बाहेर मोडतात. ही झाडे पानमळ्याचे छप्पर, खांब आणि आडोसा अशी तिन्ही कामे करतात. प्लॅस्टिकचे हरितगृह अमेरिकेत केंटकी विद्यापीठातील एमर्ट यांनी १९४८ च्या सुमारास उभे केले. संरक्षित शेतीची कल्पना मात्र तेथून आपल्याकडे प्रथमच आली असे मानण्याचे कारण नाही. पानमळेवाल्याची परिभाषा हरितगृहाच्या पुस्तकात आली नाही, एवढेच.

हरितगृहासाठी पश्चिमेस व नैर्ऋत्येस शेवरी, सुरू, गिरिपुष्प किंवा बांबू यांची दुहेरी रांग, झाडे एकमेकांच्या फटीसमोर येतील अशी लावावी. रांग आणि छप्पर यांत झाडाच्या उंचीच्या निदान दीडपट अंतर सोडावे, म्हणजे सावली, मुळे व मोडून पडणाऱ्या फांद्या यांचा उपद्रव होत नाही. रांगेत खिंडार ठेवू नये. खिंडारातून वारा अधिकच वेगाने घुसतो. झाडे वाढेपर्यंत पन्नास टक्क्यांची जाळी खांबांवर ताणून तात्पुरता आडोसा करता येतो.

६. सूचनेची भाषा

शेवटी ढग दिसल्यावरच्या पंधरा मिनिटांचा विचार. या पंधरा मिनिटांत मालक बहुधा हजर नसतो. काम करणारी माणसे हजर असतात. छापील पत्रकातील "वादळी हवामानाच्या प्रसंगी पार्श्वपडदे बंद करण्यात यावेत" या वाक्यात कर्ता नाही, क्रम नाही आणि दिशाही नाही. आणखी एक अडचण आहे. काही हरितगृहांत पडदा खालून वर गुंडाळला की बाजू उघडते. काही ठिकाणी खालची नळी वर नेली की बाजू बंद होते. त्यामुळे "पडदा वर घ्या" या एकाच वाक्याचा अर्थ एका शेतात "उघडा" व शेजारच्या शेतात "झाका" असा होतो. एका शेतातून दुसऱ्या शेतात कामाला गेलेल्या मजुराच्या हातून यामुळे विपरीत घडू शकते. येथे 'वर' व 'खाली' हे शब्द टाळून 'उघडा' आणि 'झाका' हेच शब्द वापरावेत.

सूचना अशी असावी : "वाऱ्याच्या तोंडचा पडदा आधी झाका. मग दोन्ही कडांचे. पाठीचा शेवटी. दारे लावून आतून अडणा घाला. सुटी नळी, पत्रा, क्रेट बाहेर ठेवू नका." तोंडचा पडदा झाकण्यापूर्वीच फाटला, तर पाठीचा उघडा ठेवावा, म्हणजे आत शिरलेल्या हवेला वाट मिळते. आणि सांगाडाच उचलला जाऊ लागला, तर आधी ठरवून ठेवलेल्या जागी बाहेरून कागद चिरून टाकणे हा अखेरचा उपाय. मात्र वारा भरात आला असता कोणीही छपरावर चढू नये वा आत थांबू नये. कागद पुन्हा घालता येतो.

या सर्व प्रपंचात पणाला काय लागते, तेही सांगितले पाहिजे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, १००८ चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे दहा गुंठ्यांच्या नैसर्गिक वायुवीजनाच्या हरितगृहासाठी चौरस मीटरला ९३५ रुपये खर्च ग्राह्य धरून त्याच्या निम्मे अनुदान ठेवले होते. त्या हिशेबाने एकूण खर्च साडेनऊ लाखांच्या घरात जात होता, आणि निम्मा भार शेतकऱ्यावर, बहुधा कर्जाच्या रूपाने, पडत होता. शिवाय आतील पीक वेगळेच. भारतीय मानक १४४६२ मध्ये हरितगृहाच्या आखणीसंबंधी व बांधणीसंबंधी शिफारशी १९९७ सालीच दिलेल्या आहेत. ज्ञान उपलब्ध आहे. ते ज्याच्या हातून अमलात यावयाचे त्याच्या भाषेत ते पोचलेले नाही.

परिभाषा घडविणाऱ्याने कोशात नवा शब्द घालण्यापूर्वी एकदा शिवारात जाऊन, त्याच कामासाठी तेथे कोणता शब्द नांदतो आहे हे पाहावे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी पानमळे, रोपवाटिका आणि हरितगृहे येथील कामकऱ्यांचे शब्द गावनिहाय टिपून घेतले, तर त्यातून प्रबंधाची सामग्री तर मिळेलच. पण पुढच्या वळवापूर्वी एखाद्या दारावर लावता येईल अशी पाच वाक्यांची बिनचूक पाटीही तयार होईल. या कामाला फाल्गुनात आरंभ करावा.